टाकबाईंनी पाहिलेला उल्कावीर

एकतीस वर्षं उल्कावीर जे काही बोलला, ते टाकबाईंच्या हातून. चित्रकथेच्या अंकात गोष्ट एकाची, चित्रं दुसऱ्याची. पण पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांत टाक-शाईने अक्षरं भरायची ती बाईंनी. छापखान्यात पडलेलं 'टाकबाई' हे नाव घरीदारीही चिकटलं. पुढे हे काम कॉम्प्युटरने घेतलं आणि बाई घरी बसल्या.

आता उल्कावीरावर सिनेमा निघाला. वाचनालयात काम करणारी त्यांची सून दुपारच्या खेळाची तिकिटं घेऊन आली. "आई, तुमचं मत ऐकल्याशिवाय मी माझं सांगणार नाही."

दहा मिनिटांतच बाई कुजबुजल्या, "किती बडबडतोय हा! आमच्या फुग्यात बारा शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी. तेराव्याला मी लेखकाशी भांडायचे."

"हळू, आई. मागचे बघताहेत."

पोशाखाचा गडद निळा रंग त्यांना रुचला नाही. मारामारीने तर डोकंच उठलं. मग पुलाचा प्रसंग आला. पूल खचतोय, बस लटकलीय आणि उल्कावीर कमान खांद्यावर पेलून उभा आहे. अंक एकशे चौदा. लेखकाने तिथे लांबलचक भाषण लिहिलं होतं. बाईंनी हट्टाला पेटून ते सगळं काढायला लावलं होतं. पडद्यावरही तो एक अक्षर बोलला नाही. नुसता श्वास. बाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "अर्धा फसलाय. पण पूल ज्याने केला, त्याने अंक मन लावून वाचलाय."

"हेच लिहून द्या. वाचनालयाच्या फलकावर लावते."

बाईंनी कपाटातून टाक काढला. सवय मोडली होती. तीन कागद वाया गेले, चौथा साधला. बडबडीबद्दल त्यांनी भीडभाड ठेवली नाही. निळ्या रंगाबद्दल मात्र शब्द मागे घेतला: चित्रकाराने रंगवला होता तो असाच गडद, स्वस्त कागदावर आम्हीच त्याला फिका केला.

फलकापुढे वादावादी झाली. "बाई फार कडक आहेत!" एकजण म्हणाला. त्याच्या शेजारी उभी असलेली एक नर्स मात्र अक्षरांकडेच बघत राहिली. "हा कुठला फाँट?"

"आमच्या सासूबाईंचा हात आहे तो," सून म्हणाली.

"शिकवतील का मला?"

निरोप ऐकून बाईंनी उडवून लावलं. "आता या वयात?" पण तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "तुमच्या वाचनालयात सकाळी उजेड कुठल्या खिडकीतून येतो गं?"

रविवारी पाचजण आले: नर्स, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजच्या दोन मुली आणि सून. खिडकीजवळ टेबलं लावली. सगळ्यांची बोटं शाईने माखली, पोस्टमनचं तर नाकही. नर्सचा 'ळ' सारखा खाली घसरत होता. बाई तिच्या मागे गेल्या आणि त्यांनी तिचं मनगट हलकेच धरलं.

"घाई कसली आहे? सावकाश वळू दे त्याला."