पंपाचा बेल्ट

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. सुनंदापाशीही नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असं तिला वाटतं. अव्वा, माझी आई, गेली, तिलाही कळलं नाही. या गोष्टीला सहा वर्षं झाली. मधे दोनतीनदा लिहायला बसलो, आणि दर वेळी जीपबद्दलच लिहीत राहिलो — किती जुनी, कुठून आणली, कुठला पार्ट कुठे मिळतो. मूळ गोष्टीपाशी आलो की चहा करायला उठायचो. आज उठणार नाही.

तरी सुरुवात जीपपासूनच करावी लागेल.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती लष्कराच्या लिलावातून आलेली जीप घेतली तेव्हा मी चौथीत होतो. चारही चाकांना जोर देणारी गाडी. आमचं घर शुक्रवार पेठेत, शेत कुंभारीला. वाटेचा शेवटचा तुकडा काळ्या मातीचा, तिथे दुसरी कुठली गाडी जात नसे. ही जाई. तिचं स्टिअरिंग मात्र — उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे पायली भरून टाकलेलं जातं एकट्यानं ओढणं. अप्पा ते एका हातानं वळवत. दुसरा हात बाहेर, बोटात विडी. पेठेतल्या अरुंद बोळात जीप मागे घेताना पोरं बघत उभी राहत. मीसुद्धा त्याच पोरांत.

एकोणिसाव्या वर्षी मार्केट यार्डात त्यांनी मला ती वळवायला सांगितली होती. चाक अर्ध्यात अडलं. दोन्ही हातांनी लोंबकळलो तरी हलेना. बाजूला हमाल बसले होते. अप्पा त्यांना म्हणाले, "आरं, ह्याच्या मापाच्या बांगड्या कुटं मिळतील का बघा की!" हमाल हसले. एकानं खरंच माझं मनगट धरून माप घेतलं.

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. पुष्कळांचे बाप याहून वाईट बोललेले असतात. आणि त्यांची पोरं मी जे केलं ते करत नाहीत.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मशीन शॉपला सुपरवायझर आहे. यंत्रं कळतात मला. माणसांशी बेताचं बोलतो. पन्नाशीजवळ आलो तेव्हा जुन्या जीपगाड्या बाळगणाऱ्या चारपाच जणांशी ओळख झाली. रविवारी ते माळरानावर, ओढ्यातून गाड्या घालत. मला आमची जीप हवी असे. अप्पा शहात्तरचे, पण किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला. मागितली की म्हणत, "खेळायला न्हाय ती. शेतावर कोण जाणार?" झालं. नोकरी करणारा, पोरीचं लग्न केलेला माणूस मी — आणि किल्ली मागून परत फिरायचो.

त्याच वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. जीप वळवताना तोंड वेडंवाकडं होई, पण कुणी बघतंय म्हटलं की लगेच सरळ. एका सकाळी मी बूट घालत होतो, ते दाराशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मल्ल्या, ते पावर का काय असतंय बघ... आपल्या गाडीला बसतंय का? बसत आसंल तर बसवून दे की."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे एवढं एकच मागितलं. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात काय काय होतं, ते तेव्हाच बघायला हवं होतं.

विजापूर रोडवर बशीर मिस्त्रींचं गॅरेज आहे. चार दिवस लागले. जुना स्टिअरिंग बॉक्स काढला, दुसऱ्या गाडीचा पॉवरचा बॉक्स चॅसीला पट्टी वेल्ड करून बसवला, दांडा कापून मापाचा केला. इंजिनच्या पुढे ऑईलचा पंप, त्याला वेगळी पुली आणि वेगळा बेल्ट. पंप फिरला की ऑईल दाबानं बॉक्समध्ये जातं आणि चाक आपोआप हलकं होतं. बशीरभाई हात पुसत म्हणाले, "अब छोटा बच्चा बी घुमाता साब. लेकिन एक बात ध्यान में रक्खो. ये बेल्ट तुटा तो घबराव नको. इंजन चलता रैता, पर स्टिअरिंग पैले से बी भारी होता. बोले तो दुगना. आहिस्ता आहिस्ता लाके मेरे पास खड़ी करो."

त्यांनी काळजीनं सांगितलं होतं.

मी जीप घेऊन निघालो. एका बोटानं वळत होती. एवढी वर्षं जिनं मला दाद दिली नाही ती गाडी, एका बोटानं! आणि मला दिसलं, उद्यापासून अप्पा हिला अशीच वळवणार. पुन्हा एक हात बाहेर. आणखी दहा वर्षं. किल्ली कडदोऱ्यालाच.

घराच्या अलीकडे एका लिंबाखाली मी थांबलो. बॉनेट उघडलं. पंपाचा बोल्ट सैल केला, पंप आत ढकलला, बेल्ट सुटून हातात आला. तो सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत टाकला. किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. रोज कारखान्यात करतो तसं काम केलं. तिथून घरापर्यंत गाडी आणताना मात्र मला घाम फुटला, एवढी ती जड झाली होती — आणि मी मनाशी म्हणालो, ठीक.

झालं. हेच सांगायचं होतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

अप्पा धुतलेलं धोतर नेसून कट्ट्यावर बसले होते. अव्वानं नारळ फोडला. अप्पांनी बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, माझ्या कपाळावरही ओढली. समोरचे चंदूकाका ओरडले, "अप्पा, आता करंगळीनं फिरवा!" अप्पा हसत चढले. मी शेजारी बसलो.

पहिल्याच वळणावर चाक अडलं. त्यांनी एक हात लावला होता, दुसरा लावला. खांदा कचकन दुखला असणार, कारण डोळ्यांत पाणी आलं. चाक थोडं हललं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी — शांतपणे, हे मला नीट आठवतं — म्हणालो, "अप्पा, अहो पॉवर आहे आता. लहान मूल फिरवतंय हे."

"व्हय," ते म्हणाले. "आसंल."

माझ्यावर संशय घेणं त्यांच्या डोक्यात आलंच नाही. स्वतःच्या हातांवर घेतला.

आठ दिवस ते रोज गाडी काढत होते. आठही दिवस मी कारखान्यात उशिरा गेलो. का? बघायला. गॅलरीत चहा घेऊन उभा राहायचो. खाली बोळात ते चाकाशी झटायचे, थांबायचे, तळहाताकडे बघायचे, परत धरायचे. मी वरून विचारायचो, "जमतंय का अप्पा?" सगळ्यांना ऐकू जाईल असं. चंदूकाकांना मी जाता जाता सांगितलं, "वय झालं हो. पॉवरसुद्धा झेपत नाही त्यांना." तिसऱ्या की चौथ्या दिवशी तरी थांबता आलं असतं ना? बेल्ट लावायचा आणि म्हणायचं, बशीरभाईंनी काहीतरी सैल ठेवलं होतं. कुणालाच काही कळलं नसतं. मला थांबायचं नव्हतं. मला ते आवडत होतं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

नवव्या दिवशी जीप चंदूकाकांच्या ओट्याला घासली. लागलं कुणालाच नाही. अप्पा उतरले, वर आले, कडदोऱ्याची गाठ त्यांना सुटेना, ती मी सोडली. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "गाडी झ्याक केलीस. माजंच सपलं."

त्याच संध्याकाळी मी बेल्ट परत चढवला.

पुढच्या आठवड्यात त्यांना शेजारी बसवून कुंभारीला नेलं. ते रस्ताभर माझ्या हाताकडे बघत होते. काळ्या मातीच्या वाटेवर मी एका हातानं जीप वळवली. त्यांनी माझा दंड चाचपून बघितला आणि कन्नडमध्ये म्हणाले — मनापासून बोलायचं असलं की ते कन्नडमध्ये जात — "निन्न कैयाग भाळ ताकत अद." तुझ्या हातात खूप ताकद आहे. एकोणिसाव्या वर्षापासून मला हे ऐकायचं होतं. ऐकलं. आणि मी ते ठेवून घेतलं, परत केलं नाही.

त्यानंतर ते हळूहळू एकेक काम सोडत गेले. शेतावरची मोटर चालू करायचं सोडलं, शेळ्यांना धरायचं सोडलं. पाण्याची बादली अव्वानं उचलायची, धोतराची गाठ मी मारायची. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली, "दाबा आजोबा." अप्पांनी दाबली. "अहो, मोडाल माझी बोटं! हात मजबूत आहेत तुमचे. खांद्याचं दुखणं व्यायामानं जाईल." अप्पा हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चांगला माणूस हाय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय." मी पुढे होऊन रिक्षा थांबवली. जीप घेऊन गेलोच नव्हतो, हेही सांगून टाकतो. डॉक्टर बरं बोलले तर ते परत चाक धरून बघतील आणि ते एका बोटानं वळेल, अशी भीती मला वाटायची.

घरात, पेठेत, कारखान्यात माझं नाव आहे — बापाला सांभाळतो. वेळेत गाडी काढून घेतली, नाहीतर कुणालातरी उडवलं असतं, असं लोक म्हणतात. मी मान हलवतो.

अप्पा आता ब्याऐंशीचे आहेत. आत पलंगावर आहेत, मी हे बाहेरच्या खोलीत लिहितोय. त्यांची शाळा अक्कलकोटकडची, कन्नड. मराठी बोलतात, वाचता येत नाही. मला दोन्ही लिहिता येतात. कुठल्या भाषेत लिहायचं, याचा मला विचार करावा लागला नाही.

मघाशी त्यांनी गोळ्यांची बाटली माझ्यापुढे धरली. स्वतः उघडून बघितलीसुद्धा नाही, नुसती धरली. झाकण सैलच होतं. मी थोडा जोर लावल्यासारखं केलं आणि उघडून दिलं.