मंडळाची मागची खोली

घरात एक विसरणारं माणूस असलं ना, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. विसरणारा विसरून मोकळा होतो आणि लक्षात ठेवायचं काम आपल्या गळ्यात पडतं! माझ्याकडे एकट्या सासूबाईंचेच इतके साठलेत की कुठून सुरू करू कळत नाही. चला, बदामापासून करते.

सासूबाई एकाच दुपारी तिसऱ्यांदा आंघोळीला निघाल्या, तेव्हा आम्ही त्यांना इथे भोपाळातच नेहरू नगरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, "उम्र हो गई है, और क्या! रोज़ बादाम खिलाइए." सहा महिने इमानदारीने भिजवले. सासूबाई होत्या तशाच राहिल्या. माझ्या नवऱ्याचं वजन मात्र चार किलो वाढलं!

*

पुढे एका मोठ्या डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. सांभाळायचं कुणी आणि कसं, ते काही लिहून दिलं नाही. मग आजारी माणसं सांभाळायला शिकवलेल्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोतून एक बाई मागवली. "एकदम ट्रेंड है, मैडम," ब्यूरोवाला म्हणाला.

संध्याकाळी ऑफिसातून घरी येऊन बघते तर ट्रेंड बाई पलंगावर गाढ झोपलेली, आणि सासूबाई उशाशी बसून तिला पदराने वारा घालतायत! मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गं! दमलीय बिचारी."

*

पाहुण्यांचा ताप तर वेगळाच. आले की परीक्षा सुरू! इंदूरच्या मावससासूबाई समोर बसल्या आणि लागल्या विचारायला, "सांग बरं, मी कोण? नीट आठव, मी कोण?" चार वेळा विचारलं.

सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. "अगं, हिला रिक्षाने घरी सोडून ये. हिला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाहीये."

*

माझी मैत्रीण रेखा शाळेत शिकवते. तिचे वडील, खरेकाका, सरकारी खात्यात मोठे साहेब होते. आता मुलीलाच "मॅडम" म्हणतात. अशा माणसांना चार तास विश्वासाने सोडता येईल अशी जागा आम्ही भोपाळभर शोधली, नाही मिळाली. शेवटी शिवाजी नगरातल्या मराठी मंडळाची मागची खोली मागून घेतली. चार घरची चार माणसं, दहा ते दोन, आणि आम्ही घरचे पाळीपाळीने बसतो. रेखाची पाळी रविवारी. खोली गेली की तिची नोकरी गेली, इतकं सरळ आहे.

काका एकदा तिथून सटकून जवाहर चौकात पोहोचले. तेव्हा रेखाने आपला नंबर लिहिलेली दहा-बारा कार्डं त्यांच्या खिशात ठेवली, हरवले तर कुणीतरी फोन करेल म्हणून. काकांनी ती व्हिजिटिंग कार्डं म्हणून वाटून टाकली! दुसऱ्या दिवशी भर वर्गात फोन: "मैडम, साहब ने बुलाया था. ट्रांसफर के लिए कब आऊँ?"

*

यंदा मंडळाचे सचिव बदलले. नवे सचिव देशमुख. काकांच्याच हाताखाली बाबू होते, त्यांनाही रिटायर होऊन पाच वर्षं झाली. त्यांना ती खोली गणपतीचं डेकोरेशन ठेवायला हवी! एका रविवारी कागद घेऊनच आले. "आठ दिवसांत खाली करा."

रेखाने हात जोडले. "देशमुखसाहेब, मी यांना कुठे नेऊ हो?"

"ताई, कमेटीचा निर्णय झालाय."

कोपऱ्यात मटार सोलत बसलेले काका उठले. त्यांनी देशमुखांना ओळखलं की नुसता कागद ओळखला, देव जाणे. तो देशमुखांच्या हातातून घेतला, चष्मा चढवला, दोनदा वाचला.

"इन लोगों की दूसरी व्यवस्था क्या है? इसमें तो लिखा नहीं."

देशमुख ताठ उभे. "सर... वो तो अभी... नहीं है, सर."

"तो पहले वो करके लाओ. अधूरा केस मेरे सामने मत रखना." कागद परत देऊन काका पुन्हा मटारांपाशी बसले.

"जी सर."

देशमुख उलट्या पावली दारापर्यंत गेले. तिथे थांबून त्यांनी रेखाला हळूच विचारलं, "साहेब सुट्टीवर कधी असतात?"

रेखाने डोळे पुसले.

"साहेब सुट्टी घेत नाहीत."