गाणं चालू असताना उठायचं नाही

विमलताई गेल्याची बातमी पोलादपूरहून महाडला एस.टी.च्या कंडक्टरनं आणली. मी स्टँडवर चहा पीत होतो. गाडीतून उतरून तो सरळ माझ्याकडे आला. "मास्तर, ताई गेल्या हो..." चहा तसाच टाकून मी त्याच्याच गाडीनं परत निघालो. याला महिना होऊन गेला.

शाळेत मी गणित शिकवतो, पण पंचक्रोशी मला मास्तर म्हणते ती विमलताईंच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचो म्हणून. बाईंचा आवाज जाडा, घोगरा. कुणी नाक मुरडलंच तर तोंडावर सांगायच्या, "गोड पायजे तर हलवायाकडं जा." पण आपल्या बुद्धवाडीच्या मंडपात त्यांनी भीमगीत धरलं की कडेवरची पोरंसुद्धा रडायची थांबत.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात मुंबईचा एक दिग्दर्शक आला. त्याला एका गायिकेवर सिनेमा काढायचा होता. ती नाव कमावते, पुढे आवाज गमावते आणि शेवटच्या कार्यक्रमातून लोक उठून जातात, अशी गोष्ट. गायिका विमलताई, तिचा पेटीवाला नवरा मी. कॅमेरा समोर आला की मी पट्ट्या चुकवायचो. बाई मात्र पहिल्या दिवसापासून अशा वावरल्या, जणू कॅमेराच त्यांच्याकडं कामाला होता. "मास्तर, पेटी तीच हाय ना? मग घाबरता कशाला?" म्हणायच्या.

शेवटचा प्रसंग वाडीतच होता. प्रेक्षक वाडीचेच. रीळ जेमतेम एका वेळेपुरतं उरलेलं, म्हणून आधी तालीम घेतली. बाई गाऊ लागल्या, दिग्दर्शकानं खूण केली... कुणी उठेना.

"गाणं चालू असताना उठायचं नाय, बाबा. आमच्यात तसं करत नाय," सोनूआजी म्हणाली.

"अहो आजी, हे सगळं खोटं आहे!"

"गाणं खरं हाय ना?"

"ऊठ गो आजी," विमलताई काकुळतीला आल्या, "माझा पिच्चर अर्धा राहील."

"राहू दे."

बाई उसळल्या. "बरं! आता असं गाते, की तुमी पळालंच पायजे." कॅमेरा सुरू झाला. त्यांनी सूर वाकडा लावला, दम तोडला, आवाज पार फाटू दिला. ते ऐकवत नव्हतं. तरी वाडी हलली नाही. आजी पदरानं डोळे पुसत होती. सगळ्यांत आधी मी उठायचं ठरलं होतं, पण पाय उचलेनात. बोटं त्या फाटक्या सुरामागं जात राहिली... रीळ संपलं तरी दिग्दर्शकाला थांबा म्हणायचं सुचलं नाही.

सिनेमाचा शेवट तोच ठेवला. महाडला तो लागला तेव्हा लोकांनी आम्हा दोघांचीही पाठ थोपटली. बाईंनी अभिनय केला होता, फार मोठा. मी नुसता बसलो होतो.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर त्यांच्या घरात सिनेमातलं तेच गाणं कॅसेटवर लावलं. मला त्यांची फार आठवण येते. त्या दिवशी तर पेटीकडं बघवत नव्हतं. बाहेर महाडची गाडी उभी होती. निम्मी मंडळी तिनंच जायची होती. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शेवटी कंडक्टर तणतणत दारात आला. तोंड उघडलं, आत पाहिलं, ऐकलं... आणि टोपी काढून उंबऱ्यापाशीच खाली बसला.

गाणं संपल्यावर गाडी सुटली.