बापाच्या इंजिनाचं विमान

"पहिले तेल तपू दे, मंग उड," असं म्हणत तो माझ्या हातावर फटका मारायचा. विमान खरं नव्हतं बरं का. अकोल्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या एका कॉम्प्युटरवर, विमानं उडवायच्या खेळात, त्यानं स्वतः बनवलेलं दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान उडायचं. इतरांच्या खेळातली विमानं बटण दाबलं की सुटतात. याच्या विमानाचं तेल थंड असताना घाई केली, की इंजिन जाम. मी चिडायचो, "अबे, खेळच आहे ना हा?" तर म्हणायचा, "मंग लुडो खेळ ना."

त्या इंजिनाचा आवाज मात्र महायुद्धातला नव्हता. त्याचा बाप अंजनगाव सुर्जीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ऑईल इंजिन चालवायचा. कापसाची वाट लागली त्या वर्षांत जिनिंग बंद पडलं, इंजिन भंगारात गेलं आणि मागोमाग बापही गेला. उरली ती यानं कधीकाळी इंजिनाजवळ बसून त्याचा आवाज भरून ठेवलेली कॅसेट. तिच्यातले ठोके सोडवून त्यानं विमानात बसवले. सुरू होताना विमान थेट बापाच्या इंजिनासारखं खोकायचं, आणि हा डोळे मिटून ऐकत बसायचा.

त्याच्या अमरावतीच्या एका मित्रानं ते विमान "जरा पाहतो" म्हणून नेलं आणि इंटरनेटवर स्वतःच्या नावानं टाकलं. आवाजही आपणच तयार केला, असं लिहिलं. त्याचं नाव मी घेणार नाही, माझं तोंड विटाळेल. वर तो निर्लज्ज पुन्हा दुकानात हजर. कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी त्याला नवीन, सुधारलेलं विमान हवं होतं. यानं त्याला चहा पाजला आणि विमान देऊन टाकलं.

"येडा झाला का बे?" मी म्हटलं.

"त्याले घाई लय असते," तो एवढंच बोलला.

प्रदर्शनात आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. अमरावतीचा गडी ऐटीत उठला, माइकवर "माझं विमान" म्हणाला आणि थंड तेलावरच इंजिनाला पूर्ण ताकद दिली. इंजिन जाम झालं. आणि मोठ्या स्पीकरमधून बापाचा आवाज आला. कॅसेट भरताना बापानं यालाच हासडलेली शिवी यानं नेमकी तिथेच बसवून ठेवली होती: "अबे गधड्या, त्याले दम खाऊ दे ना. काहून मरून राहिला? माह्या इंजिनाले हात नोको लावू."

हॉलमध्ये हशा पिकला. कोणीतरी विचारलं, "हा आवाज कोणाचा?" माझ्या शेजारी बसलेला हा उभा राहिला. "माह्या बापाचा. इंजिनबी त्याचंच." खोटं कशाला बोलू, मला इतकं गार क्वचितच वाटलं असेल.

पुढे तो मित्र पेढे घेऊन माफी मागायला आला. यानं पुड्याकडे पाहिलंही नाही. "बापाचं नाव मले वापस भेटलं. माफी माह्यापाशी नाही." मरेपर्यंत त्यानं शब्द फिरवला नाही, आणि मीही त्याला समजावलं नाही.

तो गेला तेव्हा तेरवीला तो अमरावतीचा मित्र आला. "माझा गुरूच होता," असं शेजारच्याला सांगत, डोळे पुसत पंगतीत बसला. भाताचं भांडं माझ्या हातात होतं. मी त्याच्यासमोर आलो आणि त्याचं पान ओलांडलं. त्यानं मान वर करून पाहिलं. मी पुढच्या पानावर भात वाढला.