दुरुस्तीतले बारा संगणक

संगणक केंद्रातले कुलूपकाका म्हणजे एक वल्ली. चार शहरांतल्या केंद्रांनी ठरवलं होतं, की ज्याचे संगणक रिकामे असतील त्याने ते गरजवंताला इंटरनेटवरून वापरू द्यायचे. काका मात्र चौघांच्या सामायिक यादीत आपले बारा धडधाकट संगणक कायम ‘दुरुस्तीत’ दाखवत. ऐनवेळी आपल्या माणसांची अडचण नको, एवढाच हेतू. ही युक्ती त्यांनी बाकीच्यांनाही मोठ्या प्रेमाने शिकवली होती.

एका दुपारी शेजारच्या केंद्रातल्या बाईंचा फोन आला. “काका, नदी चढतेय. पुराचा अंदाज चारपर्यंत द्यायचाय आणि आमचे संगणक पुरत नाहीत. तुम्हा तिघांकडे बघावं तर नुसती दुरुस्ती! साथ आलीय की काय?”

काकांनी पडद्यावरची यादी पाहिली. आपलीच विद्या अशी फळाला आलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाराही संगणक मोकळे केले आणि उरलेल्या दोघांना फोन लावला.

“अरे, माझे बरे झाले. तुमचेही झाले असतील, बघा जरा!”

तिकडून आधी हसू आलं, मग संगणक. पावणेचारला अंदाज निघाला आणि नदीकाठची घरं वेळेत रिकामी झाली.

त्यानंतर काकांच्या यादीत दुरुस्तीला एखादाच संगणक दिसे, आणि तो खरोखर बिघडलेला असे.