कागद्याची टोपी

जुन्नरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. मुख्याध्यापकांनी प्रजासत्ताक दिनासाठी पुढच्या भिंतीवर 'आपली संस्कृती' रंगवायला सांगितली. शिवनेरी आणि लेण्याद्री तर येणारच होते. त्यांच्या शेजारी मी पोथी लिहिणारा माणूस काढला आणि त्याच्या बाजूला हौदात वाकून कागद करणारा, डोक्यावर पांढरी गोल टोपी घातलेला कागदी. जुन्नरला पूर्वी हातकागद व्हायचा, जुनी दफ्तरं त्यावरच लिहिली जायची. तो करणारी बहुतेक घरं मुसलमानांची. आमच्या आळीतल्या ऐंशीच्या चाचांचे आजोबा हेच काम करायचे. लगद्याच्या पाण्यातून चौकट कशी अलगद उचलायची, ते चाचांनी मला रिकाम्या हातांनी करून दाखवलं होतं.

दोन दिवस उरले असताना शाळा समितीचा एक सदस्य चौघांना घेऊन आला. माझाच जुना विद्यार्थी.

"सर, ह्यो कोण?"

"कागदी. पोथीचा कागद याच्याकडूनच यायचा."

"आपली संस्कृती काढायला सांगितली व्हती." आवाज अगदी शांत होता. "टोपी तेवढी पुसा. उद्या कुणी भिंतीला काळं फासलं, तर आमाला बोलू नका."

चौघं चित्राकडं बघत होते. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "एवढीशी टोपी, सर. कशाला ताणता?"

मी ब्रश उचलला. पांढऱ्या टोपीवर काळे केस काढायला मिनिटभरही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. चित्र बघायला मीच बोलावलं होतं. काठीवर भार देऊन ते बराच वेळ उभे राहिले.

मग म्हणाले, "टोपी न्हाई घातली, बरं केलं. वाकल्यावर हौदात पडायची. आजोबा काढूनच ठेवायचे."

"खरंच, चाचा?"

"आता कोण सांगनार, सर," असं म्हणून ते काठी टेकत फाटकाबाहेर गेले.

मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. मैदानावर पोरांची कवायत चालू होती. टोपी अर्धी झाली असेल, तेवढ्यात मागं मोटारसायकल थांबली. वळायचं धाडस झालं नाही, पण ब्रशही खाली ठेवला नाही.

"परत काढताय?"

"हो."

"मी काय बोललो व्हतो काल?"

"ऐकलंय. माझं नाव खाली लिहितो. ज्याला पुसायचंय त्यानं तेही पुसावं."

तो मागंच उभा राहिला. कवायतीची शिट्टी वाजली, पोरं भिंतीपाशी गोळा झाली, आणि एका मुलीनं त्यालाच विचारलं, "काका, ह्ये काय करतायत पाण्यात?"

त्यानं चित्रातल्या हौदाकडं बघितलं. मग म्हणाला, "कागद," आणि गाडी सुरू करून गेला.

झेंडावंदनाला माझं लक्ष झेंड्यापेक्षा भिंतीकडंच होतं. भिंतीला कुणी हात लावला नाही. नंतरच्या दिवसांतही नाही.

झेंडावंदनाच्याच दिवशी संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेलो आणि टोपी परत रंगवल्याचं सांगितलं. त्यांनी चहा दिला, गुडघ्याचं दुखणं सांगितलं. चित्र बघायला यायचं त्यांनी कबूल केलं, पण ते आले नाहीत. मीही पुन्हा आग्रह केला नाही.