यादी रिकामी, की यादीच नाही?

आमच्या ताई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. नंदनवन भागातल्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या आमच्या टीम लीड होत्या. त्या हळू बोलू लागल्या की आम्ही कीबोर्डवरचे हात काढून घ्यायचो.

प्रोग्राम ‘नल रेफरन्स’, म्हणजे मागितलेली गोष्टच जागेवर नाही, म्हणून कोसळला की त्या एकच विचारत, “यादी रिकामी आहे, का यादीच नाही?” मी नवखा; मला दोन्ही सारखंच वाटे. मग त्या सांगत, “पिशवी रिकामी असली तरी हात घालून पाहता येते. पिशवीच आणली नाही, तर हात कुठं घालशीन गा?”

त्यांनी शिकवलेला उपाय बहुतेक वेळा सोपा असे : आधीच एक रिकामी यादी तयार करून ठेवायची. एका हॉस्पिटलच्या कामात मी तेच केलं. पेशंटला कोणत्या औषधांची ॲलर्जी आहे, त्या यादीपाशी प्रोग्राम अडत होता. माझ्या कोडच्या एका ओळीनं एरर गेली आणि एका पेशंटच्या नोंदीत स्क्रीनवर आलं, ‘ॲलर्जी नाही’. मॅनेजरसाहेब खूश.

ताईंनी मात्र ती नोंद करणाऱ्या नर्सला फोन लावला. त्या पेशंटला बेशुद्धीत आणलं होतं. ॲलर्जीचं कोणी विचारलंच नव्हतं.

“विचारलंच नाही, अन् आपण ‘नाही’ लिहून राहिलो?” ताईंचा आवाज पार खाली गेला.

“उद्या डॉक्टरांपुढे डेमो आहे. एरर दिसत नाही ना? जाऊ द्या,” साहेब म्हणाले.

“काहून जाऊ देऊ, सर? यावर भरोसा ठेवून कोणी इंजेक्शन दिलं तं?”

डेमोत ताईंनी डॉक्टरांसमोर तीच नोंद उघडली. “हा प्रोग्राम इथं खोटं बोलतो,” असं सरळ सांगितलं. ती ओळ कोणाची, हे सांगितलं नाही. काम दोन आठवडे लांबलं. ‘विचारलेलं नाही’ अशी लाल अक्षरं स्क्रीनवर आली, तेव्हाच ताईंनी मंजुरी दिली.

महिन्याभरात साहेबांनी त्यांना त्या कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मी त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेलो.

“ताई, तुम्ही माझं नाव सांगायचं होतं.”

“तुले अर्धंच शिकवलं होतं मी. चूक माही बी होती.” एवढं बोलून त्यांनी स्कूटी सुरू केली.

पुढच्याच आठवड्यात साहेब म्हणाले, “ती लाल अक्षरं बरी दिसत नाहीत. काढून टाक.”

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. उभा राहिलो आणि म्हणालो, “नाही काढणार, सर.”